शेवटची सही: रोमानियाचा राजा मिहाय आणि घाई नसलेले कम्युनिस्ट

पेठेतला पांथस्थ | शनि, रात्री १०:४१

परवा इथेच एका धाग्यावर "कम्युनिस्ट आले की पहिला नंबर राजाचा लागतो" असं ठोकून दिलेलं वाचलं आणि हात शिवशिवले. रोमानियात तो नंबर सगळ्यात शेवटी लागला. सरकार कम्युनिस्टांच्या मुठीत गेलं मार्च १९४५ मध्ये आणि राजा गादीवरून उतरला ३० डिसेंबर १९४७ ला. मधली पावणेतीन वर्षं वर राजा आणि खाली कम्युनिस्ट मंत्री असा जोडसंसार चालला. तो का चालला आणि नेमका तेव्हाच का मोडला, यावर मराठीत फारसं वाचायला मिळत नाही, म्हणून हा प्रपंच. लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी राजा. मिहाय (बाहेरच्या जगासाठी मायकेल), जन्म १९२१. हा गडी दोनदा राजा झाला. पहिल्यांदा १९२७ मध्ये, वय वर्षं पाच. आजोबा फर्डिनांड वारले आणि बाप कारोल एका बाईपायी गादीवरचा हक्क सोडून परदेशात जाऊन बसला होता. १९३० मध्ये बाप परतला, पोराला उतरवून स्वतः बसला, आणि १९३८ मध्ये पक्ष-बिक्ष गुंडाळून त्याने स्वतःची हुकूमशाही आणली. १९४० च्या उन्हाळ्यात स्टालिनने बेसाराबिया आणि उत्तर बुकोविना घेतलं, हिटलरच्या लवादाने उत्तर ट्रान्सिल्व्हेनिया हंगेरीच्या पदरात टाकला, दक्षिण दोब्रुजा बल्गेरियाला गेला. देशाचा जवळपास तिसरा हिस्सा असा हातचा गेल्यावर कारोलला पळ काढावा लागला आणि अठरा वर्षांचा मिहाय पुन्हा राजा झाला, पण नावाचा. कारभार सगळा हुकूमशहा बनलेल्या जनरल (पुढे मार्शल) अंतोनेस्कूकडे. जर्मनीबरोबर रशियावर चाल करून जायचं ठरलं, तेही राजाला विचारून नव्हे.

आता २३ ऑगस्ट १९४४. रशियाचं लाल सैन्य ईशान्येकडच्या याश शहराच्या बाजूने आत घुसलेलं. राजाने अंतोनेस्कूला बुखारेस्टच्या वाड्यावर बोलावलं आणि ताबडतोब युद्ध थांबवा म्हणून सांगितलं. मार्शल ऐकेना. "मग माझ्या हातात काही राहिलं नाही" अशा अर्थाचं वाक्य राजा बोलला. ती ठरलेली खूण होती, बाहेर थांबलेले शिपाई आत आले. मार्शलला कोंडलं कुठे? कारोलला पोस्टाची तिकिटं जमवायचा नाद होता, तो संग्रह ठेवायला वाड्यात एक भक्कम तिजोरीवजा खोली होती, तिच्यात. लाखोंचं सैन्य स्टालिनग्राडपर्यंत नेणारा माणूस तिकिटांच्या खोलीत! रात्री राजाने रेडिओवरून जाहीर केलं की रोमानिया जर्मनीच्या बाजूने लढणार नाही. वय बावीस.

त्या दिवशी रोमानियाच्या कम्युनिस्ट पक्षाचे सभासद हजारसुद्धा नव्हते. १९२४ पासून पक्षावर बंदी, पुढारी तुरुंगात नाहीतर मॉस्कोत. पकडलेल्या मार्शलला वाड्यातून हलवून शहरातल्या एका घरात डांबायचं काम बोदनाराश नावाच्या कम्युनिस्टाच्या माणसांनी केलं. त्या बळावर २३ ऑगस्ट पुढे चार दशकं राष्ट्रीय सण म्हणून साजरा झाला आणि त्यात राजाचं नाव औषधालाही उरलं नाही.

इथून पुढचा सगळा खेळ सहीचा आहे. १९२३ ची राज्यघटना पुन्हा लागू झाली होती. पंतप्रधान राजा नेमणार, फर्मानावर सही राजाची. शस्त्रसंधी झाला होता, पण दोस्त राष्ट्रांशी कायमचा तह व्हायचा होता. त्यात ब्रिटन-अमेरिकाही सह्या करणार होते. तोवर रोमानियात जे काही होईल ते "कायदेशीर" दिसायला हवं होतं, आणि कायदेशीर दिसण्याचा एकच शिक्का देशात होता.

फेब्रुवारी १९४५ च्या शेवटी मॉस्कोहून विशिन्स्की आला. हा तोच, तीसच्या दशकात स्टालिनच्या खटल्यांत सरकारी वकील म्हणून गाजलेला. त्याने राजाला सांगितलं, जनरल रादेस्कूचं सरकार बरखास्त करा. घड्याळ बघून दोन तास पाच मिनिटांची मुदत दिली. जाताना दार असं आपटलं की चौकटीजवळचा गिलावा फुटला, असं सांगतात. ६ मार्चला पेत्रू ग्रोझाचं सरकार आलं. ग्रोझा स्वतः कम्युनिस्ट नव्हता. ट्रान्सिल्व्हेनियातला पैसेवाला जमीनदार-वकील, पक्ष मात्र 'नांगरकऱ्यांची आघाडी'. दर्शनी भाग म्हणून उत्तम. खाती बघा म्हणजे कळेल: गृहखातं तेओहारी जॉर्जेस्कू, न्याय पात्राश्कानू, दळणवळण गेओर्गिऊ-देझ. तिघेही कम्युनिस्ट. पोलीस, कोर्ट आणि रेल्वे. यानंतर राजवाडा घ्यायची घाई कुणाला?

ऑगस्ट १९४५ मध्ये राजाने ग्रोझाला राजीनामा द्या म्हटलं. ग्रोझाने ऐकलंच नाही. मग राजाने संप केला! खरंच, इतिहासात त्याला 'शाही संप' म्हणूनच ओळखतात. सरकारच्या कागदांवर सही नाही, मंत्र्यांना भेट नाही. साडेचार महिने. सरकारने काय केलं? सहीविना कारभार चालू ठेवला. मला हा सगळ्या प्रकरणातला सर्वांत बोलका भाग वाटतो. शिक्का अडवून धरला तरी गाडा चालतो, हे दोन्ही बाजूंना इथेच कळलं. जानेवारी १९४६ मध्ये, विरोधी पक्षांचे दोन मंत्री सरकारात घ्यायचे, निवडणुका घ्यायच्या, अशा मोठ्या राष्ट्रांच्या तडजोडीवर संप मिटला. दोघांपैकी एकालाही खातं नव्हतं.

निवडणूक १९ नोव्हेंबर १९४६. सरकारी आघाडीचं चिन्ह सूर्य, विरोधी पुढारी मानिऊच्या शेतकरी पक्षाचं डोळा. जाहीर निकाल: ४१४ पैकी जवळजवळ साडेतीनशे जागा सूर्याला. खरे आकडे उलटे होते, हे त्या वेळीही लोक बोलत होते आणि १९८९ नंतर उघडलेली कागदपत्रं तेच सांगतात. त्या संसदेचं उद्घाटन करू नका म्हणून मानिऊ राजाच्या विनवण्या करत होता. राजाने उद्घाटन केलं.

१० फेब्रुवारी १९४७ ला पॅरिसला तह झाला आणि सहीची गरज संपत आली. जुलैमध्ये शेतकरी पक्षाचे पुढारी विमानाने पळून जाताना तामादाउ गावाजवळ पकडले गेले (पाळत आधीपासून होतीच). पक्षावर बंदी आली, नोव्हेंबरात म्हाताऱ्या मानिऊला जन्मठेप झाली. त्याच महिन्यात कम्युनिस्ट पुढारी आना पाउकर परराष्ट्रमंत्री झाली. आणि त्याच महिन्यात राजा लंडनला, राजकन्या एलिझाबेथच्या लग्नाला. सरकारने खुशीने जाऊ दिलं. परत येणार नाही अशी त्यांची अटकळ. गडी परत आला! वर तिथे एक मुलगी पसंत करून, लग्नाचा बेत ठरवून आला.

३० डिसेंबरला सकाळी सिनायाहून राजाला बुखारेस्टला बोलावून घेतलं. एलिझाबेता महालात ग्रोझा आणि गेओर्गिऊ-देझ आले. राजाला आणि राजमाता एलेनाला वाटलं लग्नाबद्दल बोलायचं असेल. ग्रोझाने टाइप केलेला कागद पुढे ठेवला. राजाने वेळ मागितला, मिळाला नाही. पहारेकरी बदललेले, टेलिफोन तोडलेले. सही झाली नाही तर अटकेतल्या हजार विद्यार्थ्यांना गोळ्या घालू, असं धमकावलं, हे राजाने पुढे अनेक मुलाखतींत सांगितलं. ग्रोझाने राजमातेला आपल्या कोटाचा खिसा चाचपायला लावला, आत पिस्तूल. म्हणाला, अंतोनेस्कूचं झालं ते माझं व्हायला नको.

सही झाली. त्याच दिवशी संसद भरवून लोकांचं प्रजासत्ताक जाहीर केलं. ३ जानेवारी १९४८ ला राजा रेल्वेने देशाबाहेर पडला.

माझं म्हणणं एवढंच: रोमानियात राजेशाही 'पाडली' गेली नाही, ती आधी वापरली गेली. वापरून संपली तेव्हा काढून ठेवली. पटतंय का बघा.

---

बाळूमास्तर | शनि, रात्री ११:२०

दंडवत! वाचनखूण साठवली.

एक भर. रशियातही झारला बोल्शेविकांनी नाही उतरवलं. निकोलस गेला मार्च १९१७ मध्ये, तेव्हा लेनिन झुरिचमध्ये होता. नोव्हेंबरात बोल्शेविकांनी उलथवलं ते केरेन्स्कीचं हंगामी सरकार. म्हणजे "पहिला नंबर राजाचा" हे रशियालाही लागू पडत नाही. शाळेत मी हे दरवर्षी फळ्यावर लिहायचो आणि पोरं पेपरात दरवर्षी "लेनिनने झारला पदच्युत केले" असंच लिहायची.

---

कडू कारलं | शनि, रात्री ११:५८

लेख चांगला, पण राजाला फार साजूक तुपात तळलंय.

१९४० ते ४४ गादीवर कोण होतं? हाच. जून १९४१ ला याशमध्ये ज्यूंची कत्तल झाली, तेरा हजारांवर माणसं मेली. बरीचशी आगगाडीच्या बंद डब्यांत, उन्हाळ्यात, पाण्याविना, गाडी नुसती पुढे-मागे फिरवून. एली विझेल यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने २००४ मध्ये अहवाल दिला: रोमानिया आणि त्याच्या ताब्यातल्या भागांत मिळून २,८०,००० ते ३,८०,००० ज्यू मारले गेले. हे कम्युनिस्टांनी नाही केलं. राजाच्या नावाने चाललेल्या राज्याने केलं.

आणि मागे जा. १९०७ ला शेतकऱ्यांनी उठाव केला तेव्हा याच घराण्याच्या पहिल्या कारोलच्या राज्यात तोफा लावून गावं भाजली, हजारो मेले. कम्युनिस्ट हजार होते हे खरं, पण मार्च १९४५ ला ग्रोझाने पन्नास हेक्टरांवरच्या जमिनी काढून वाटल्या तेव्हा ज्यांना तुकडा मिळाला ती कुटुंबं हजार नव्हती, लाखांत होती. त्यांना राजाच्या सहीशी काय घेणं? तुमच्या लेखात सैन्य आहे, राजवाडे आहेत, विशिन्स्कीचं दार आहे. शेतकरी येतो तो फक्त पक्षाच्या नावात.

---

पेठेतला पांथस्थ | रवि, सकाळी ८:१५

कारलेबुवा, यातलं एकही वाक्य खोडण्यासारखं नाही, आणि याश मी मुद्दाम गाळलं नव्हतं, तो स्वतंत्र धाग्याचा विषय आहे. राजमाता एलेनाने ज्यूंना वाचवण्यासाठी अंतोनेस्कूकडे शब्द टाकला, त्याबद्दल इस्रायलच्या याद वाशेम या ज्यू-संहाराच्या स्मारक संस्थेने १९९३ मध्ये तिचा गौरव केला. पण त्याने राज्याचा हिशेब फिटत नाही, हे मान्य.

जमिनीबद्दल मात्र अर्धीच गोष्ट सांगितलीत. १९४५ ला वाटलेले तुकडे १९४९ पासून सामुदायिक शेतीत परत घ्यायला सुरुवात झाली. १९६२ पर्यंत ते काम चाललं, आणि जे 'स्वखुशीने' सह्या देईनात त्यांना तुरुंग. बघा, तिथेही सहीच! १९४५ ची जमीनवाटप ही शेतकऱ्याला मानिऊच्या पक्षापासून तोडायची खेळी होती. चार वर्षं पुरली.

---

रेवा_ठाणे | रवि, सकाळी ९:४०

खूपच रोचक. एक भाबडा प्रश्न: ब्रिटन आणि अमेरिका काय करत होते? तहावर त्यांच्याही सह्या होणार होत्या ना?

---

आडगावचा शहाणा | रवि, सकाळी १०:३०

रेवाताई, ऑक्टोबर १९४४ ला चर्चिल मॉस्कोला गेला तेव्हा त्याने एका कागदावर आकडे लिहून स्टालिनपुढे सरकवले: रोमानियात रशिया ९० टक्के, ग्रीसमध्ये ब्रिटन ९० टक्के. स्टालिनने निळ्या पेन्सिलने खूण केली. म्हणजे विशिन्स्की यायच्या आधी चार महिने बोलणी झालेली. ग्रीसमध्ये ब्रिटिशांनी कम्युनिस्टांवर गोळ्या चालवल्या तेव्हा स्टालिन गप्प राहिला आणि रोमानियात चर्चिलने तोंड उघडलं नाही. व्यवहार चोख.

अमेरिकेने थोडी कुरकुर केली, ग्रोझाच्या सरकारला मान्यता द्यायला वर्षभर लावलं, राजाचा संपही त्याच भरवशावर होता. शेवटी डिसेंबर १९४५ च्या मॉस्को बैठकीत ते दोन बिनखात्याचे मंत्री पदरात पाडून घेतले आणि फेब्रुवारीत मान्यता दिली. गंमत म्हणजे जुलै १९४५ ला स्टालिनने मिहायला 'विजय पदक' दिलं. माणकं आणि हिरे जडवलेलं, सोव्हिएत लष्कराचं सर्वोच्च पदक. आयझेनहॉवर आणि माँटगोमेरीच्या पंगतीत. पदक दिल्यावर महिन्याभरात राजाने संप सुरू केला!

---

गोमंतकी बाब्या | रवि, दुपारी १२:०५

पदक घेऊन संप. हा राजा म्हणजे आमच्या युनियनचा सेक्रेटरी शोभला असता. =))

पांथस्थ, पैशांचं काय झालं ते टाका की. युद्धानंतर तिथे नोटांची रद्दी झाली होती असं ऐकून आहे.

---

पेठेतला पांथस्थ | रवि, दुपारी १:२२

बाब्या, बरं विचारलंत. रशियाला ३० कोटी डॉलरची युद्धखंडणी द्यायची होती, रोख नव्हे, मालात: तेल, धान्य, लाकूड, यंत्रं. त्यात १९४६ ला दुष्काळ, देशाच्या ईशान्येकडच्या मोल्दोव्हाच्या पट्ट्यात माणसं उपासमारीने मेली. भाव दर आठवड्याला वर. १५ ऑगस्ट १९४७ ला (हो, तीच तारीख) सरकारने एका झटक्यात जुने २०,००० लेई (तिथलं चलन, एक असला की लेउ) म्हणजे नवा १ लेउ करून टाकला. गोम पुढे आहे. बदलून किती मिळणार याला घरटी मर्यादा, आणि ती कोण कुठल्या वर्गातला त्यावर. व्यापाऱ्याकडे पोती भरून नोटा असल्या तरी मर्यादेपलीकडच्या शेगडीत घालायच्या. सोनं आणि परकी चलनही सरकारजमा. वरचा मध्यमवर्ग असा कागदावर संपला. राजा तेव्हा गादीवर होता.

नोटाबंदीवरून इथे वाद सुरू करू नका ही हात जोडून विनंती. :)

---

बेलापूरची मैना | रवि, दुपारी ३:१०

अवांतर: माझे वडील नूनमाटीला होते. गुवाहाटीची रिफायनरी रोमानियाच्या मदतीने उभी राहिली, १९६२ ला सुरू झाली. वसाहतीत रोमानियन इंजिनियर कुटुंबांसह राहायचे. वडील सांगतात, प्लोएश्तीच्या तेलविहिरींबद्दल, फुटबॉलबद्दल तासन् तास बोलायचे, जेवायला बोलावलं तर भाताबरोबर लोणचं अर्धी बाटली संपवायचे. राजकारणाचा विषय निघाला की त्यांच्यापैकी एक जण उठून खिडकी लावायचा आणि दुसरा विषय बदलायचा. ती माणसं १९४७ ला कॉलेजात असणार. आज हा धागा वडिलांना वाचून दाखवला.

---

वैनगंगा | रवि, सायं ६:३३

शेजारच्या देशांशी ताडून बघायला हवं. युगोस्लाव्हियात टिटोने २९ नोव्हेंबर १९४५ लाच प्रजासत्ताक जाहीर केलं, राजा पीटर परदेशातच होता, त्याला परत पाऊलही ठेवू दिलं नाही. टिटोकडे स्वतःचं लढून आलेलं सैन्य होतं, त्याला कुणाच्या शिक्क्याची गरज नव्हती. बल्गेरियात सप्टेंबर १९४६ ला सार्वमत घेतलं, जाहीर निकाल ९५ टक्क्यांच्या आसपास प्रजासत्ताकाच्या बाजूने, आणि नऊ वर्षांचा राजा सिमेऑन आईबरोबर देशाबाहेर. तोच सिमेऑन २००१ मध्ये निवडणूक जिंकून बल्गेरियाचा पंतप्रधान झाला!

रोमानियात सार्वमत का घेतलं नाही? मला वाटतं हरण्याची भीती. ८ नोव्हेंबर १९४५ ला, राजाच्या नामदिनी (त्याच्या नावाच्या संताच्या सणाला), राजवाड्यासमोर हजारो लोक त्याचं नाव घेत जमले होते, गोळीबार झाला, माणसं मेली. बल्गेरियात गादीवर लहान मूल होतं. इथे चोवीस वर्षांचा, देखणा, स्वतः जीप चालवणारा राजा, आणि जर्मनांविरुद्ध देश फिरवल्याचं श्रेय त्याच्या नावावर. सार्वमत रेटून खोटं करता आलं असतं, पण १९४६ ची निवडणूक खोटी करताना किती घाम गाळावा लागला ते त्यांना ठाऊक होतं.

---

कडू कारलं | रवि, रात्री ८:०२

वैनगंगा, +१. हा मुद्दा मूळ लेखापेक्षा सरस.

पण मग राजाने १ डिसेंबर १९४६ ला त्या खोट्या संसदेचं उद्घाटन का केलं? लोक पाठीशी, म्हातारा मानिऊ पाया पडतोय, आणि हा जाऊन भाषण करून येतो. त्या दिवशी नकार दिला असता तर निदान तहावर सही करताना ब्रिटन-अमेरिकेची पंचाईत झाली असती. पांथस्थ म्हणतात राजेशाही 'वापरली गेली'. वापरणाऱ्याइतकाच वापरू देणाराही त्यात असतो.

---

पेठेतला पांथस्थ | रवि, रात्री ९:१४

नकार दिला असता तर वर्षभर आधी गेला असता. संपाच्या वेळी अमेरिकेच्या भरवशावर बसला आणि पदरात दोन बिनखात्याचे मंत्री पडले, तो अनुभव ताजा होता. देशात रशियाचं सैन्य (ते १९५८ पर्यंत हललं नाही). तुमचा आक्षेप मला चुकीचा वाटत नाही, पण पंचविशीतल्या माणसाकडून तुम्ही ज्या हिशेबाची अपेक्षा करताय तो हिशेब अमेरिकेचे ट्रूमन आणि ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री बेव्हिन यांनाही जमला नाही.

---

क्लुजमधला कोल्हापूरकर | सोम, पहाटे २:४८

नोकरीनिमित्त इथे क्लुजला आहे. मानिऊचं नाव आलंय म्हणून लिहितो.

मागच्या वर्षी सिगेतला गेलो होतो. उत्तरेला अगदी टोकाला, पलीकडे तिसा नदी आणि युक्रेन, त्या काळी सोव्हिएत सरहद्द. जुना ऑस्ट्रो-हंगेरियन तुरुंग, आता संग्रहालय केलंय. आत शिरलं की मधे उभा चौक, वर तीन मजल्यांवर गॅलऱ्या आणि कोठड्यांची दारं. १९५० पासून इथे जुने मंत्री, बिशप, प्राध्यापक, सेनापती आणून टाकले, बरेचसे साठी-सत्तरीतले. मानिऊ १९५३ च्या फेब्रुवारीत इथेच मेला, ऐंशीचा होता. त्याची कोठडी बघता येते: लोखंडी खाट, उंचावर एक गजाची खिडकी, बास. पुरलं ते गावाबाहेर गरिबांच्या दफनभूमीत, खूण न ठेवता. अंगणात काशाचे अठरा उघडे पुतळे आहेत, सगळे एका बंद भिंतीकडे चाललेले. माझ्याबरोबरचा रोमानियन सहकारी तोवर बडबडत होता, तिथे गप्प झाला. त्याच्या पणजोबांना कालव्यावर नेलं होतं एवढंच नंतर गाडीत बोलला. कालवा म्हणजे डॅन्यूब-काळा समुद्र कालवा, १९४९ ते ५३ कैद्यांच्या घामावर खणला आणि अर्धवट सोडून दिला.

इथल्या तरुण पोरांना राजाबद्दल विचारलं तर बहुतेकांना 'आजीच्या घरात फोटो होता' एवढंच माहीत. आजीला विचारलं तर मात्र सुटका नाही.

---

बाळूमास्तर | सोम, सकाळी ७:३०

कोल्हापूरकर, छान लिहिलंत. यावर वेगळा धागा काढा.

सहज आठवलं, याच डिसेंबर १९४७ मध्ये आपल्याकडे वल्लभभाई आणि व्ही. पी. मेनन ओरिसा-छत्तीसगडच्या संस्थानिकांच्या सह्या गोळा करत फिरत होते. राजे सह्या करत होते ते इथेही.

---

आडगावचा शहाणा | सोम, सकाळी ८:५५

मास्तर, सह्या दोन्हीकडे, पण आपल्या राजांना तनखे मिळाले, वाडे राहिले आणि पुढे अनेक जण निवडून लोकसभेत गेले. मिहायचं नागरिकत्व १९४८ मध्ये काढून घेतलं. दोन्ही एका रांगेत बसत नाहीत. असो, ते इथे नको.

मला विचारायचं होतं ते हे, की सही घेणाऱ्यांचं पुढे काय झालं?

---

पेठेतला पांथस्थ | सोम, सकाळी १०:१०

ते ऐकण्यासारखं आहे. प्रजासत्ताकाच्या पाच जणांच्या अध्यक्षमंडळाचा प्रमुख म्हणून बसवला पारहोन, ग्रंथींच्या विकारांचा नामांकित डॉक्टर. मंडळात सादोव्यानू हा देशाचा लाडका कादंबरीकार. म्हणजे पुन्हा दर्शनी भाग. सत्ता गेओर्गिऊ-देझकडे.

न्यायमंत्री पात्राश्कानू, ज्याने मॉस्कोत शस्त्रसंधीवर सही केली होती, त्याला १९४८ मध्ये आपल्याच पक्षाने उचललं आणि १९५४ मध्ये गोळी घातली. आना पाउकर, जिचा फोटो जगभरच्या मासिकांत झळकला, ती १९५२ ला फेकली गेली, काही काळ अटकेतही होती. गृहमंत्री जॉर्जेस्कूही तिच्याबरोबरच गेला. ग्रोझा तेवढा १९५८ ला अंथरुणात मेला, सन्मानाने. गेओर्गिऊ-देझ १९६५ ला गेला आणि चाउशेस्कू आला, ज्याने १९७४ मध्ये राष्ट्राध्यक्ष होताना हातात चक्क राजदंड घेतला. साल्वादोर दालीने त्याबद्दल खवचट अभिनंदनाची तार पाठवली आणि पक्षाच्या दैनिकाने ती खरी समजून छापली!

---

रेवा_ठाणे | सोम, दुपारी १:४५

=)) =)) तार छापली!!

आणि राजा? लग्न झालं का त्या मुलीशी?

---

वैनगंगा | सोम, दुपारी २:३०

झालं. जून १९४८, अथेन्सला, बूर्बाँ-पार्मा घराण्याच्या अ‍ॅनशी. पाच मुली. त्याआधी मार्चमध्येच त्याने लंडनला जाहीर केलं होतं की सही जबरदस्तीने घेतली, ती मी मानत नाही. नंतर इंग्लंडमध्ये कोंबड्या पाळल्या, स्वित्झर्लंडमध्ये लीअर कंपनीच्या विमानांचा चाचणी वैमानिक होता. यंत्रांचा नाद लहानपणापासूनचा.

१९९० च्या नाताळात मायदेशी आला तर नव्या सरकारने रस्त्यातच गाडी अडवून परत विमानात बसवलं. १९९२ ला ईस्टरला येऊ दिलं आणि बुखारेस्टमध्ये लाखो लोक रस्त्यावर उतरले. नागरिकत्व परत मिळालं १९९७ ला. वारला डिसेंबर २०१७ मध्ये, ९६ वर्षांचा, दफन कुर्त्या दे आर्जेशला घराण्याच्या इतर राजांशेजारी.

---

कडू कारलं | सोम, सायं ५:१२

लाखो लोक उतरले, बरोबर. त्याच वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरात निवडणूक झाली आणि त्याच लोकांनी इलिएस्कूला पुन्हा राष्ट्राध्यक्ष केलं, जो चाउशेस्कूच्या पक्षात मोठा झालेला. राजाला पाहायला गर्दी करणं वेगळं आणि राजाला परत आणणं वेगळं. त्यामुळे सार्वमताला कम्युनिस्ट घाबरले, हे वैनगंगांचं म्हणणं मी मघाशी उचलून धरलं तरी १९४६ ला सरळ मतदान झालं असतं तर काय निघालं असतं, यावर माझी पैज नाही.

---

वैनगंगा | सोम, सायं ६:४०

कारलेबुवा, १९९२ ला मत देणारा माणूस पंचेचाळीस वर्षं त्या शाळेत शिकून आलेला होता. १९४६ च्या मतदाराला तशी शाळा मिळाली नव्हती, त्याला शेतकरी पक्षाचा डोळा आणि राजाचा फोटो दोन्ही ओळखीचे होते. पैज मी लावते.

---

गोमंतकी बाब्या | सोम, रात्री ९:२०

लावा, लावा. हरेल त्याने सिमेऑनवर धागा काढायचा. राजा, मग हद्दपार, मग माद्रिदमध्ये व्यवसाय, मग पंतप्रधान... पांथस्थ, नाहीतर तुम्हीच घ्या मनावर. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.